अर्धा इंच

गंगाखेड रोडला माझं वेल्डिंगचं दुकान.
आसपासच्या चार कॉलन्यांच्या खिडक्या माझ्याच हातच्या.
मपल्या खोलीला बसवलेली मात्र परत आलेली.
गिऱ्हाइकानं टेप लावून दाखवला होता:
अर्धा इंच कमी.
माप मी घेतलं होतं.
नाव मुंजाजीचं सांगितलं.

अर्ध्या इंचानं काय होतंय, म्हणालो,
आणि बसवली घरी.
तीन उन्हाळे काही झालं नाही,
उलट पहाटे जरा बरं वाटायचं.

यंदा डिसेंबरात सत्वशीला बाळंत झाली.
दवाखान्यातून रिक्षानं आणली पोरगी,
दोन किलो तीनशे ग्रॅम,
टोपडं, टॉवेल, वर माझी मफलर,
बाहेर फक्त नाक.
नाकाचा शेंडा गार.

त्या रात्री कळलं
खोलीला किती तोंडं आहेत ते.
"वारं कुठून यायलंय?" ती विचारायची.
"कुठून नाही," मी म्हणायचो,
आणि दोघंही खिडकीकडं बघायचो नाही.

मग उदबत्ती लावली.
देवापुढं नाही, भिंतीपुढं.
कडेकडेनं फिरवत गेलो.
धूर सरळ उभा राहिला की पुढं,
धूर वाकला की तिथं
दुकानातल्या खडूनं फुली.
सत्वशीला बाजेवरून हसली,
"घर इकत घेतल्यावानी बघायलाव की."
अकरा फुल्या झाल्या.

दाराखाली माझ्या जुन्या पॅण्टचा एक पाय,
ठिणग्यांनी चाळण झालेला,
चिंध्या कोंबून दोन्ही तोंडं शिवलेला.
रद्दी भिजवली, कणकेसारखी तिंबली,
पत्र्याच्या वळ्यांत बोटांनी थापली.
कडीच्या भोकात खोडरबर.
बाजेवर गादीखाली पोतं, पोत्याखाली पुठ्ठा,
कारण थंडी खालूनही येते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
खिडकीवर वाढदिवसाचा फ्लेक्स लावला.
भाऊंचे जोडलेले हात नेमके फटीवर आले.
निवडून आल्यापासून पहिल्यांदाच
त्यांनी आमच्यासाठी काही अडवून धरलं.

बाजेखाली शेगडी, बाभळीचा कोळसा,
वर चिमूटभर ओवा, शेपा.
खोलीला वास आला, घाम आला.
मी शर्ट काढून बसलो,
मोठा कारागीर.

संध्याकाळी नसरीनताई आल्या, आशा वर्कर.
दारातच थांबल्या.
"शेगडी ठिवायची आन् खोलीची डबी करायची?
कोळसा मुका असतोय भाऊ,
न बोलता घेऊन जातोय."
शेगडी त्यांनी स्वतः उचलून अंगणात नेली.
पोरीची टॉवेल-मफलर सोडली,
सत्वशीलाच्या छातीवर उघड्या अंगानं ठेवली,
वरून दोघींवर एकच वाकळ.
"ही शेगडी बघा. हिला धूर नाही."
जाताना म्हणाल्या, "आन् तेवढी एक फट राहू द्या.
माणसं हाईत आत."

मग मी फ्लेक्सची खालची कड कापली.
टेप लावून, पेन्सिलीची रेघ मारून,
दोनदा मोजून
अर्धा इंच.

तेव्हापासून मी खाली झोपतो,
खिडकी आणि बाज यांच्या मध्ये,
पाठ फटीकडं.
येणारं वारं आधी मला लागतं.
पहाटे कंबर धरलेली असते.

पेपरात येतं, परभणीत पारा पाचावर.
तो पारा विद्यापीठाच्या रानातला.
आमच्या खोलीचा मी घेतो,
पोरीच्या नाकाला गाल लावून.
बोटं कामाची नाहीत,
ठिणग्या खाऊन बहिरी झालीत.
आज नाक कोमट होतं.
काल जरा कमी.

दुकानात वाकून ग्राइंडर उचलता येईना,
तर मुंजाजी म्हणाला, "मालक, पाठीला काय झालं?"
सांगितलं. सांगता सांगता तेही सांगितलं,
ती खिडकी, ते माप, ते नाव.
त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला.
"मला ठावं हाय," म्हणाला.
"टेपचं दुसरं टोक
मीच धरलं होतं की."