अकरातले तीन

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
जिथं पूर्वी टोपल्यांत नटबोल्ट पडायचे खणखण
तिथं आता काचेमागे माणसं बसतात
आणि काहीच वाजत नाही.
म्हणून आम्ही चार वाजता खाली यायचो, वाजायला.

बातमी वाचायची तबरेज मुकादमनं
आणि टाचणी लावायची मी.
ही वाटणी कुणी केली नव्हती, पडून गेली,
जशी घरात पडते,
कुणी कणीक मळायची, कुणी नावं ठेवायची.

फोन आला, कागदाएवढा पातळ.
म्हटलं, आमच्या मेसचं वरण बघितलं नाही त्यांनी.
घडी घालता येणारा पडदा आला.
म्हटलं, इस्त्रीवाल्याकडे टाकायचा का सोबत?
यंत्र आता कविता करतं.
म्हटलं, करू दे, ऐकायलाही यंत्रच बसवा.
मयूरेश टिपणीसच्या नाकातून चहा यायचा
आणि माझा दिवस कारणी लागायचा.

खरं सांगतो, बातमी मी पुरती कधी ऐकलीच नाही.
मथळा संपायच्या आत तोंडाला पाणी सुटायचं.
पंगतीत बसलेल्यानं
लग्न कुणाचं ते विचारू नये, तसं.

मग त्या मंगळवारी तबरेज म्हणाला,
ही बघ, आपल्याच इस्टेटीतली.
चिमट्याएवढं यंत्र. पातेल्याच्या काठाला लावायचं.
दूध वर यायच्या आधी सांगतं.
नाव, साय.

म्हणजे ताट वाढूनच ठेवलेलं.
पातेल्याला कान फुटले, म्हटलं.
आता मांजराला ओटीपी मागणार.
नेटवर्क गेलं तर दूध खाली बसून वाट बघेल का?
वाफेनं यंत्राचाच चष्मा धुकटेल,
याची शिटी झाली की शेजारीण आपला कुकर उतरवेल...
टपरीवरचा पोरगाही हसला.
तो सहसा हसत नाही,
आमची उधारी त्याच्या वहीत असते.

बाकड्याच्या टोकाला एक बाई
चहात खारी बुडवत बसल्या होत्या.
पन्नाशीच्या. अंगठ्यावर सोल्डरिंगचा जुना चटका.
त्याही हसल्या, मनापासून,
मांजराला तर ठसका लागला त्यांना.
मग पिशवीतून त्यांनीही एक वही काढली.

'मी शुभदा गुप्ते. साय माझी.
अकरा झाले तुमचे, मी मोजत होते.
त्यातले तीन उपयोगाचे आहेत.
नेटवर्क. वाफ. आणि ते शिटीचं,
ते तर आम्हाला सुचलंच नव्हतं,
आवाज बदलते.'

आणि बाकीचे आठ? मी विचारलं.
विचारायला नको होतं.

'ते छान होते,' म्हणाल्या,
खारीचा चुरा पदरावरून झटकला
आणि आपल्या चहाचे दहा रुपये मोजून ठेवून गेल्या.

रात्री लोकमान्यनगरच्या खोलीत
दूध गॅसवर ठेवलं आणि त्या आठांना एकेक करून
पुन्हा उभं करून बघत बसलो.
मांजर चांगलं होतं. कान फुटले, हेही वाईट नव्हतं.
कुठं चुकलं?
माणूस उततो, मातत जातो,
त्याला वास येत नाही.
दुधाचा येतो.
शेगडी खरवडत होतो तेव्हा साडेअकरा झाले होते,
आणि हसायला खोलीत कुणी नव्हतं.

बुधवारी म्हटलं, तबरेज, पुरती वाच.
त्यानं वाचली. कुठल्याशा बॅटरीची होती,
लांबलचक, मध्ये दोन आकडे, एक तक्ता.
चहावर पापुद्रा धरला.
मयूरेश म्हणाला, तब्येत बरी आहे ना तुझी?

आणि तेवढ्यात तो आलाच,
आपणहून, जिभेच्या टोकावर, गरमागरम.
मी बाकड्याच्या टोकाकडे बघितलं.
तिथं कुणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं.

बोलून टाकला.
सगळे हसले. पोरगा नाही हसला.

मनातल्या मनात लिहिलं, एक.
उपयोगाचा नाही.
पण छान होता.