निळं न धरणारी

उद्यमनगरात, लेथच्या मागं,
इलाही शिकलगार नळी उजेडात धरतो.
"स्टेनलेस. गंज धरत न्हाई,
मग रंग तरी कशाला धरंल?"

तरी सवयीनं उकळत्या क्षारात सोडली.
रंकाळ्यातनं म्हैस निघावी तशी वर आली,
पाणी गाळत, होती तीच.

मग काचेच्या बारीक मण्यांचा मारा. चमक मेली.
काळा लेप, भट्टीत दोन तास,
मधे एक चहा, तोही अर्धाच.

ॲक्शन मात्र जुनी, खोल निळी,
जांभळाच्या सालीसारखी.
मृणाल म्हणाली, जुळलं की.
"ट्यूबखाली जुळतंय. उन्हात चल."

उन्हात लेप लेपच होता.
"ॲक्शनवर पण हाच मारू? एकसारखं हुईल,"
तो म्हणाला, आणि तिनं रायफल
हळूच आपल्याकडं ओढली.

बोल्टच्या बाजूला, वडिलांचा अंगठा
तीस वर्षं टेकला तिथं
निळं पार गेलंय,
खालचं पोलाद पांढरं,
परवा नळी होती तसं.

इलाहीनं फडकं खांद्यावर टाकलं.
"मजुरी निम्मीच दे," म्हणाला.
"निम्मंच जुळलंय."