टॉस कोण जिंकलं

पहाटेचे पाच चाळीस.
अंबडच्या कंपन्यांतली तिसरी पाळी अजून सुटायचीय
आणि आमच्या पोरी पांडवलेणीच्या पायऱ्या
दुसऱ्यांदा चढताहेत, दोन्ही हातांत अर्धी अर्धी वीट.
वरून हायवे दिसतो, ट्रकचे दिवे दिसतात,
बघायला कुणी थांबत नाही.
थांबलं की पोटरी गार पडते.

मग मैदान. द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवरून उड्या.
मग पोती अंथरून नुसतं पडणं, तासभर:
हनुवटी छातीला, खांदा आधी.
डोकं म्हणजे घरी आलेला पाहुणा, मी सांगतो,
त्याला काम लावायचं नाही.
कपाळाला टॉवेल, जोडीदारीण मागून ओढते,
मान ताठ. वीस. पुन्हा वीस.
पोरी कंटाळतात. पायांचा खेळ, सर, मान कशाला?

अश्लेषा बेंडकुळे कधी कंटाळली नाही.
तिची मान संघात सगळ्यात चांगली.
हे मुद्दाम सांगतोय.

सिन्नरला, उत्तरार्धात, उजव्या कोपऱ्यातून
तिनं घोटा धरला. चढाईवाली उसळली.
गुडघा कानशिलावर.
आवाज फार नाही झाला,
ओल्या कपड्यांचा पिळा दगडावर ठेवावा, तेवढाच.
पकड सुटली नाही. गुण आपला. शिट्ट्या, टाळ्या.
ती उठली, हसली,
मातीतली क्लिप शोधून केसांत खोचली
आणि जाऊन उभी राहिली
डाव्या कोपऱ्यात.

मी वेळ मागितला.
वार कोणता? रविवार.
गाव? सिन्नर.
आपले गुण? एकोणतीस.
सगळं बरोबर.
मग तिनं विचारलं, सर, टॉस कोण जिंकलं?
सांगितलं.
घोटभर पाणी प्यायली.
सर, टॉस कोण जिंकलं?

राखीवमधली उतरवली. तीन गुणांनी हरलो.

तिचे वडील रिक्षा बंद न करताच बोलत होते.
रक्त नाही, टेंगूळ नाही,
सिव्हिलच्या फोटोत काही नाही,
निवडीचे लोक समोर बसलेले,
मग पोरगी बसवलीत कशासाठी?
खरंच होतं त्यांचं.
बोट मोडलं तर प्लास्टर तरी दाखवता येतं.
मी हँडलवरच्या लिंबू-मिरचीकडे बघत राहिलो.

माझ्या शोकेसमध्ये एक कप आहे,
भगूरचा, चौऱ्याण्णव सालचा.
शेवटच्या चढाईत तीन गडी मारून मी लोण चढवला,
म्हणतात.
मध्यांतराआधी कुणाचा तरी खांदा लागला,
तिथपासून ते रात्री सायकलच्या कॅरिअरवर
पाय लोंबकळत होते तिथपर्यंत
माझ्याकडे काहीच नाही.
माझ्या तोंडानं कबड्डी कबड्डी
कोण म्हणत होतं, ठाऊक नाही.
बायकोला मी तो सामना सांगतो
दत्तू जाधव सांगतो तसा, त्याच्याच शब्दांत.
दर दिवाळीला त्यात एक गडी वाढतो.
माझा सगळ्यात चांगला खेळ
मी सोडून सगळ्यांनी पाहिला.
अजून सूर्य तिरपा आला की डाव्या डोळ्यामागे
काहीतरी उघडझाप करतं. होतं वयानं, मी म्हणतो.

हे तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं.
रिक्षा निघून गेल्यावर सुचलं.

सोळा दिवस ती कडेला बसून,
टोपी डोळ्यांवर ओढलेली, गुण लिहितेय.
माझ्याशी बोलत नाही.
पहिल्या दिवशी आकडे रेघ सोडून खाली उतरत होते.
आता रेघेवर आहेत, बहुतेक.

आज डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली.
पळायचं नाही, म्हटलं, पायऱ्या मोजत वर ये.
आली. धाप नाही, चक्कर नाही.
एक आकडा सांगितला, घुश्शातच.

बरोबर आहे की नाही, मला कळेना.
वीस वर्षं पोरं घेऊन येतोय इथं,
मी कधी मोजल्याच नाहीत, कायम पळत आलो.
आकडा वहीत लिहून घेतला.
उद्या पुन्हा विचारीन.