सूप निवतंय

महिन्याचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे नऊ.
प्तुयमधल्या माझ्या स्वयंपाकघरात
द्रावा नदीवरचं धुकं खिडकीपर्यंत आलेलं.
मी टेबलावरचा पाव बाजूला सारतो
आणि रबरी कळांचं ते यंत्र मांडतो,
ज्याची स्मरणशक्ती माझ्याहूनही तोकडी.

ओसियेकहून ल्येर्का येते, दिवसभर हिशेब तपासून शिणलेली.
माल्मोहून मिर्साद, आवाज बंद ठेवून,
शेजारच्या खोलीत नात झोपलीय.
ओझ्रेन कुठल्याशा जहाजावर आचारी आहे,
तो येतो, अर्ध्या वाक्यात बुडतो, पुन्हा वर येतो.
एकेकाळी आम्ही सगळे एकाच देशात होतो.
त्यावर कुणी बोलत नाही.
दर महिन्याला एक जुना खेळ ठरतो,
बोलायचं ते त्याच्यावर.

या खेपेला पाळी माझी.
मी म्हटलं, पोस्टमन.

तेव्हा खेळ रेडिओवरून यायचे.
खरंच. निवेदक म्हणायचा, तयार राहा,
आणि मग चार मिनिटं नुसती किंचाळी,
जणू कुणी तळघरातून पत्र्याची पेटी ओढत नेतंय.
ती फितीवर धरायची, यंत्राला ऐकवायची,
की पडद्यावर माणूस चालू लागायचा.
माझ्याकडे वायर नव्हती.
मी टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरला,
श्वास रोखून,
आणि तिसऱ्या मिनिटाला आई आत आली.

शाळेत सगळ्यांचे पोस्टमन नदी ओलांडत होते.
माझा उगवलाच नाही.
कडेला लाल-निळे पट्टे धावायचे, थबकायचे,
मग एक ओळ: फितीत चूक आहे.
मी स्क्रू पिळून पाहिला. आवाज चढवला, उतरवला.
आईशी दोन दिवस अबोला धरला.
चूक फितीत नव्हतीच, ती चुलीपाशी उभी होती.
तिच्याही हातात डाव होता,
सूप ढवळायचा.

आज त्या खेळाची प्रत कुणाकडेच नाही.
चांगल्या फितींवर पोरांनी पुढे गाणी भरली.
माझी मी रागाने कपाटावर भिरकावली होती,
म्हणून वाचली.

त्सेल्येची तादेया म्हाताऱ्यांच्या कानात यंत्रं बसवते.
ती म्हणाली, पाठव.
तीन आठवडे तिने आईला किंचाळीतून वेगळं केलं,
भातातून खडे निवडावेत तसं,
आणि आवाजाखाली चेपलेलं जे होतं
ते एकेक शून्य, एकेक एक, अंदाजाने पुन्हा भरलं.

तर शुक्रवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी,
पाच घरांत एकदम पत्र्याची पेटी ओढली गेली.
(मिर्साद आवाज बंद करायला विसरला. नात उठली.)
आणि तो आला.
आठ ठिपके रुंद. खांद्याला पिशवी. चेहरा नाही.
बर्फाच्या लादीवरून लादीवर उड्या मारत
दोन पत्रं पोचवली त्याने.
तिसरी पेटी भिंतीच्या आत काढलेली.
तिथवर कुणाचाच हात पोचत नाही, पोचणारही नाही.
तादेया म्हणाली, मी नाही हं, हे मुळातच असं आहे.
ओझ्रेन लाटेतून वर येऊन म्हणाला,
अडतीस वर्षं तू ह्याच्यासाठी झुरत होतास?
ल्येर्काचे गुण सगळ्यांत जास्त, तीनशे चाळीस.
नात म्हणाली, आजोबा, हा माणूस कुठे आहे?

नंतर तादेयाने आणखी एक तुकडा पाठवला,
फक्त मला, एका शब्दाविना.
सहा सेकंद.
गोराज्द, सूप निवतंय.
आणि मग, जाता जाता, स्वतःशीच:
काय ऐकत बसतो, देव जाणे.

मी तोही यंत्राला ऐकवला.
का, ते विचारू नका.
कडेला पट्टे जरासे हलले
आणि यंत्र थांबून राहिलं, पुढचं ऐकायला.
ल्येर्का विचारत होती, पुढच्या महिन्यात काय?
मी म्हटलं, थांबा जरा,
आणि कालचं बीट गरम करायला उठलो.