जकात

वेंगुर्ल्याच्या बंदरावर भिवशेट कोरगावकरांची वखार:
काथ्या, मीठ, आणि मुख्य म्हणजे सुपारी.
म्युनिसिपालटीत नऊ वर्षं बसले,
बोलले एकदाच.
"सुपारीवर जकात बसवा. बाजारात विहीर नाही."
गोरा साहेबसुद्धा चपापला.
गावात सुपारी होती कोणाची? त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर पहिली गाडी त्यांची.
कारकुनाचा बोरू अडखळला.
"लिही रे. पावती दे."

ती पावती मला सापडली
उधारीच्या वहीत, कसरीनं कुरतडलेली.
पाठीमागं त्यांच्याच मोडीत, बारीक:
गिऱ्हाइकांकडून वसूल. वर दोन पै.

समुद्र हाकेवर,
तरी विहिरीला पाणी गोडं लागलं.
परवा कळशी बुडवली,
हसू आलं,
आणि तहान होतीच, प्यालो.