टप्पा तिसरा

पाऊस उघडला तसा
मापाची फीत बाहेर काढली.
तेहतीस वर्षं ओव्हरसियर होतो सरकारात,
खानापूर तालुक्यातल्या मोऱ्या, शाळा, पाण्याच्या टाक्या
सगळ्यांची मापं या हातानं लिहिली.
आपल्याच मंडळीच्या आवाराची मात्र
यंदा पहिल्यांदा.

फितीचं दुसरं टोक सालोमीबाई भोसग्यांकडे.
त्या झाडलोट करतात, त्यांना कोपरे माहीत आहेत.
"हितं खोली काढू नका बघा, हितं पाणी थांबतंय."
नकाशात पाणी थांबत नाही.
निळ्या पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली.

बाकं अठ्ठावीस. एकावर पाच,
लहान पोरं धरून सात.
उरलेले पायऱ्यांवर, चपलांच्या शेजारी.
त्यात वीटभट्टीवरची नवी बारा कुटुंबं,
"आत या" म्हटलं की जी मागं वळून बघतात,
दुसऱ्या कुणाला म्हटलं की काय.

शनिवारी सभा. टेबलावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार गीतांची पुस्तकं.
टप्पा एक : छपराची डागडुजी. कौलं उतरवताना
निम्मी फुटणार, आणि त्या ठशाची आता मिळत नाहीत.
शौचालयं दोन. आणि दाराशी रॅम्प,
कारण हन्नाआजींची चाकाची खुर्ची
दर रविवारी चौघं पोरं उचलतात
आणि आजी डोळे मिटून घेतात,
प्रार्थनेसाठी नव्हे.

टप्पा दोन : सभागृह. इथं अडलो.
साडेआठला मराठी उपासना, साडेदहाला कन्नड,
मधल्या अर्ध्या तासात निघणारे आणि येणारे
फणसाखाली एकमेकांची पोरं कडेवर घेतात.
मी सुचवलं, मोठा हॉल, मधोमध सरकती भिंत,
दोन्ही उपासना एकाच वेळी. वेळ वाचेल.
आमोस सोज्वळांनी खर्च विचारला.
शांतवन हंचिनमनी चष्मा पुसत राहिले,
मग त्यांच्या मराठीत म्हणाले,
"वाचलेल्या वेळाचं काय करणार हाय तुम्ही?"

कुणी हसलं नाही.
पाळकसाहेबांनी चहा सांगितला.
तेवढ्यात कुणीतरी कोनशिलेचा विषय काढला,
कुठली भाषा वर, कुठली खाली,
आणि चहा कपातच निवला.
नोकरीत असताना पाट्यांवरच्या अक्षरांची उंची
फुटपट्टी लावून मोजून आलोय मी.
इथं खिशातली फुटपट्टी खिशातच राहू दिली.

ठराव : कोनशिला नको.
शांतवन म्हणाले, "आगली."
इतिवृत्तात तो शब्द तसाच उतरवला.
आमेनचं तरी कुठं भाषांतर करतो आपण?

सरकत्या भिंतीची रेघ रबरानं खोडली.
कागदावर वळ राहिला.

टप्पा तीन : वरचा मजला.
रविवारच्या शाळेचे वर्ग, एक वाचनाची खोली,
खिडकी मलप्रभेच्या बाजूला.
सालाची जागा कोरी ठेवलीय.
पैसे नाहीत. तोवर बहुतेक मीही नसेन.
तरी खालचे कॉलम आत्ताच जाड धरलेत.
आमोस म्हणाले, उगाच सिमेंट जातंय.
मी म्हटलं, वजन यायचंय अजून.

आणि स्लॅबच्या वर, प्रत्येक कॉलममधून
सळ्या दोन हात मोकळ्या सोडायच्या.
हायवेवरून जाणाऱ्याला वाटेल,
यांचं काम अर्ध्यातच राहिलं.
वाटू दे.
फक्त दर वर्षी, नाताळाच्या आधी,
सळ्यांना पातळ सिमेंटचा हात फिरवावा लागेल,
नाहीतर ज्यांच्यासाठी सोडल्या
त्यांच्या हाती गंज येईल.

हे काम कुणाकडे?
इतिवृत्तात नाव लागतं.
बराच वेळ पंखाच तेवढा बोलत होता.

मग दाराजवळून, कप गोळा करता करता,
सालोमीबाई :
"लिवा माझं.
शिडी धराया एक पोरगं द्या.
आणि ब्रश नवा."