उष्टा वारा

आज वारा पडलाय.
आमच्या गायमानमध्ये हे वर्षातून सात-आठदाच घडतं,
आणि घडलं की कुत्री कावरीबावरी होतात,
माणसं बोलताना उगाच ओरडतात, सवयीनं.

पहाटे पाचला एलुनेदचा फोन :
"रुपेर्तो, ट्रक काढ."

माझा ट्रक लोकरीचा.
त्याच्या हौद्यात आता एक खांब, टपाच्याही वर गेलेला,
खांबावर दोन फिरक्या,
एकीमागे एक, मध्ये वीतभर अंतर.
पुढची घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते,
मागची काट्यांवर रुसलेली.

जन्मभर मी वाऱ्याला शिव्या घातल्या,
आणि ही बाई वारा मोजायला
बिनवाऱ्याचा दिवस शोधते.
"खरा वारा लहरी," ती म्हणते,
"दोन आकडे सलग सारखे देत नाही.
आपण धावू, तोच आपला वारा."

मग मी काटा चाळिसावर धरतो.
चाळीस म्हणजे चाळीस. एकेचाळीस झाले
की शेजारून खोकल्याचा आवाज येतो.

तिच्या मांडीवर लॅपटॉप. त्यातला वारा निळ्या रेघांचा,
शाळेत निघालेल्या मुलीच्या केसांसारखा विंचरलेला.
पहिल्या फिरकीतून निघताना त्याला पीळ पडतो,
दुसरी उलटी फिरून तो पीळ सोडवते,
आणि पुढचीनं खाऊन उरलेल्या त्या उष्ट्या वाऱ्यावर
पोट भरते.

मी चार भावांतला धाकटा.
ताटात काय उरतं
ते आधी मला विचारायचं होतंस, बाई.

गणित अठरा टक्के म्हणालं.
रस्ता म्हणाला, अकरा.
"सात कुठे गेले?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसे मीच ते वळणावर सांडले.

अंतर वाढवलं. कमी केलं.
सोळा किलोमीटर जायचे, सोळा यायचे,
कुंपणापलीकडच्या मेंढ्या
दर खेपेला तितक्याच आश्चर्यानं बघणार.
सहाव्या खेपेनंतर ती शिडीवर चढली
आणि मागच्या आसाभोवती गुंडाळलेला
लोकरीचा पुंजका काढून
माझ्या हातावर ठेवला. बोलली काही नाही.

अकराचे बारा झाले.
बाकीचे सहा अजून बेपत्ता आहेत.

पण एक सांगतो.
मागच्या साली एकटीच फिरकी होती,
तेव्हा खांब पिळवटायचा, बोल्ट रात्रभर दात खाल्ल्यासारखे कुरकुरायचे.
आज चालत्या फिरक्यांखाली मी खांबाला तळवा लावला :
दोघी आपापल्या दिशेनं जीव तोडून ओढतायत
आणि खांब
ढिम्म.
हे कुठल्या टक्क्यात धरायचं, मी विचारलं नाही.

नऊच्या सुमाराला पश्चिमेकडे धूळ उठली.
मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.
पाती थांबली नाहीत.

एलुनेदनं एका हातानं टोपी धरली,
दुसऱ्यानं वहीत लिहिलं :
नऊ वाजून दहा. वारा आला.
चाचणी बंद.